मरण विसरलेल्या पेशी

रक्तातील प्रत्येक पेशी आपले मरण सोबत घेऊनच जन्माला येते. अस्थिमज्जेत जन्मलेली पांढरी पेशी क्रमाने प्रौढ होते, जंतूंशी झुंजते आणि थोड्याच दिवसांत मुकाट्याने नाहीशी होते. हा क्रम मोडला, की रक्ताचा कर्करोग उद्भवतो.

त्याचा एक अत्यंत उग्र प्रकार नॉर्वेचे हिलेस्टाड यांनी १९५७ साली वर्णिला. त्यात अपक्व पेशींची गर्दी होते, रक्त गोठेनासे होते आणि रोगी रक्तस्रावाने काही आठवड्यांतच दगावतो. अशाच एका मरणोन्मुख पाच वर्षांच्या मुलीला १९८५ साली शांघायमध्ये डॉक्टर वांग झेन्यी यांनी 'अ' जीवनसत्त्वापासून होणारे रेटिनॉइक आम्ल पोटात दिले आणि ती बरी झाली. १९८८ साली त्यांच्या गटाने २४ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी २३ जणांचा रोग केवळ या औषधाने ओसरला होता.

याचे इंगित १९९०च्या सुमारास उलगडले. या रोगात पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यामुळे या आम्लाचा निरोप घेणारे प्रथिन दुसऱ्याच एका प्रथिनाला चिकटते, आणि हे जोडप्रथिन पेशीला प्रौढ करणाऱ्या जनुकांना कुलूप घालते. जी पेशी प्रौढ होत नाही, ती वेळेवर मरतही नाही. आम्लाची मोठी मात्रा मिळाली, की हे कुलूप उघडते आणि जोडप्रथिनही नष्ट होऊ लागते. पेशी प्रौढ होतात, मृत्यूची आज्ञा देणारी प्रथिने निर्माण करतात आणि आपणहून विलय पावतात. अन्य औषधे पेशीला विष देऊन मारतात. हे औषध तिला तिच्या विसरलेल्या मरणाची आठवण देते.

एवढ्यानेच रोग कायमचा जात नाही. परंतु जोडप्रथिनाच्या दुसऱ्या टोकावर सोमल, म्हणजे आर्सेनिक, घाव घालतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, फार धोका नसलेल्या रोग्यांना ही दोन्ही औषधे मिळून दिली असता, दोन वर्षांनंतर ९७ टक्के रोगी मृत्यू अथवा रोगाची पुनरावृत्ती यांपासून मुक्त होते.

मात्र जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे हा यावरील उपाय नव्हे. त्यांच्या अतिरेकाने यकृत बिघडते. शिवाय ही मात्रा रक्ताच्या इतर बहुतेक कर्करोगांना लागू पडत नाही. या रोगात पहिले दिवसच घाताचे असतात. म्हणून अंगावर अकारण उठणारे काळे-निळे डाग आणि हिरड्यांतून न थांबणारे रक्त दिसताच रुग्णालय गाठावे. औषध हाती असताना उशिराने जीव जावा, यासारखे दुर्दैव नाही.