‘वेदेम’ आणि त्याचे बाल-संपादक

शाळेत हस्तलिखित काढण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. पावसाळा सरला की फुलस्केप कागद येतात, सुवाच्य अक्षराचे दोन-तीन विद्यार्थी निवडले जातात, मुखपृष्ठावर शारदेचे चित्र काढण्याचे काम चित्रकलेत गती असलेल्या एखाद्या मुलाकडे जाते, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी दोऱ्याने नीट शिवलेला अंक पाहुण्यांच्या हाती ठेवला जातो. पहिल्या पानावर ‘संपादक मंडळ’ ह्या मथळ्याखाली तीन-चार मुलांची नावे असतात. ह्या मुलांनी संपादन म्हणून नेमके काय केले, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. लेख गुरुजींनी निवडलेले असतात, सुधारलेले असतात, आणि कित्येकदा त्यांनीच लिहिलेलेही असतात.

विद्यार्थी-संपादक ह्या शब्दाला पुरता अर्थ कोठे लाभला, हे पाहावयाचे झाल्यास दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील चेक प्रदेशाकडे जावे लागते. तेथे बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांनी एक साप्ताहिक चालविले. त्याचे नाव ‘वेदेम’. चेक भाषेत ह्याचा अर्थ ‘आम्ही अग्रभागी आहोत’ असा होतो. हे साप्ताहिक ज्या ठिकाणी निघाले तेथे मुलांना शिकविण्यालाच मनाई होती.

प्राग शहराच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरवर तेरेझीन नावाचे तटबंदीचे गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दुसरा जोसेफ ह्याने ते बांधविले आणि आपली माता मारिया तेरेसा हिचे नाव त्यास दिले. १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये नाझी सत्तेने ह्या गावात ज्यू लोकांना कोंडण्यास आरंभ केला. १९४५ च्या मे महिन्यापर्यंत सुमारे १,४०,००० माणसे येथे आणली गेली. त्यांपैकी सुमारे ३३,००० येथेच उपासमारीने व रोगराईने मरण पावली, आणि ८५,००० हून अधिक माणसे पूर्वेकडील मृत्युछावण्यांत पाठविण्यात आली. आणलेल्यांत मुलांची संख्या हजारांनी मोजण्यासारखी होती. गावातील ज्यू कारभाऱ्यांनी शक्य तेथे मुलांना मोठ्यांच्या गर्दीतून वेगळे काढून त्यांच्यासाठी निवास उघडले. ‘एल ४१७’ ह्या क्रमांकाची इमारत ही पूर्वीची शाळा. तिच्या एकेका वर्गखोलीत तीन मजली लाकडी फळ्यांवर चाळीसएक मुलगे झोपत, आणि प्रत्येक खोलीला एक शिक्षक असे. चित्रे काढणे, गाणे, खेळ ह्यांना आडकाठी नसे. भाषा, गणित, इतिहास शिकविणे मात्र निषिद्ध होते. तेव्हा दाराशी एकदोन मुले पहाऱ्यावर ठेवून पाठ घेतले जात. कोणी येत असल्याची खूण झाली की वह्या अदृश्य होत आणि मुले गाऊ लागत.

पहिल्या क्रमांकाच्या खोलीचे शिक्षक वाल्टर आयसिंगर हे होते. त्यांचा जन्म १९१३ चा, म्हणजे ह्या वेळी ते तिशीच्या आतलेच होते. चेक भाषा हा त्यांचा विषय. ते मुलांबरोबर त्याच खोलीत राहात. रशियन राज्यक्रांतीनंतर पेट्रोग्राड शहरात अनाथ व उनाड मुलांसाठी दस्तयेव्हस्कीच्या नावाने एक निवासी शाळा निघाली होती. तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून मुले तिला ‘श्कीद’ म्हणत. त्या शाळेच्या बेलिख आणि पांतेलेयेव्ह ह्या दोन माजी विद्यार्थ्यांनी ‘श्कीदचे प्रजासत्ताक’ हे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. ह्या पुस्तकाची हकीकत आयसिंगर ह्यांनी आपल्या मुलांना सांगितली. मुलांनी ती मनावर घेतली. त्यांनी आपल्या खोलीलाच ‘श्कीदचे प्रजासत्ताक’ असे नाव दिले, आपले पदाधिकारी निवडले, ध्वज आणि गीत ठरविले. मूळच्या श्कीदमधील मुलांनीही एका काळी नियतकालिके काढण्याचा असा सपाटा लावला होता की जो तो संपादक झाला होता. त्याचे गमतीदार वर्णन त्या पुस्तकात आहे. तेव्हा प्रजासत्ताकापाठोपाठ मासिक-साप्ताहिक यावे, हे ओघानेच आले. १८ डिसेंबर १९४२ रोजी ‘वेदेम’चा पहिला अंक निघाला.

संपादक झाला पेत्र गिंझ. त्याचे वय त्या वेळी चौदा वर्षे होते. १ फेब्रुवारी १९२८ रोजी प्राग येथे त्याचा जन्म झाला. वडील ज्यू आणि आई ज्यू नव्हे, असे ते कुटुंब होते. अशा घरातील मुलाला चौदावे वर्ष लागले की आईबापांपासून तोडून छावणीत न्यावयाचे, असा त्या राजवटीचा नियम होता, आणि त्याप्रमाणे १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये पेत्र एकटाच तेरेझीनला आला. त्याचे आईवडील एस्पेरांतो ह्या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेचे पुरस्कर्ते होते, आणि मुलालाही ती भाषा येत असे. ज्यूल व्हर्नच्या साहसकथांच्या धर्तीवर त्याने लहानपणीच कादंबऱ्या लिहावयास घेतल्या होत्या. तो चित्रेही काढी. त्याच्या स्वभावातील एक गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे: तो आपल्या कामाचे संकल्प लिहून ठेवी, आणि काळ लोटला की त्यांपैकी काय झाले, कोणती पुस्तके वाचली, किती चित्रे काढली ह्याची नोंद करी. त्या नोंदी पुढे त्याच्या बहिणीपाशी राहिल्या. अशा छावणीत बसून पुढच्या महिन्याच्या अभ्यासाचा आराखडा आखणारा हा मुलगा होता!

संपादकपद म्हणजे केवळ मान नव्हे, हे पेत्रला पहिल्या काही आठवड्यांतच कळले असावे. अंक दर आठवड्याला निघावयाचा होता. लेख देतो म्हणणारी मुले आपल्याकडे जशी ऐन वेळी तोंड चुकवतात, तशी तीही चुकवीत. खालच्या फळीवर मांडी घालून, भोवती कागद, लेखण्या आणि रंग पसरून बसलेला पेत्र त्याच्या सोबत्यांच्या स्मरणात कायम राहिला. तो लेखांसाठी मुलांच्या मागे लागे. घरून आलेल्या पुडक्यातील खाऊचा वाटा देऊनही तो लेख मिळवी. ज्यांना अर्धपोटी राहावे लागते त्यांच्या दृष्टीने हे मानधन फार मोठे होते. इतके करूनही पाने रिकामी राहिली तर तो ती निरनिराळ्या टोपणनावांनी स्वतः भरून काढी.

टोपणनावांची हौस तर सर्वांनाच होती. कोणी एका विषयावर लिहिताना एक नाव घेई आणि दुसऱ्या विषयावर दुसरे. त्यामुळे कित्येक लेखांचा कर्ता कोण हे आज निश्चित करता येत नाही. आरंभीचे अंक टंकयंत्रावर निघाले; पुढे ती सोय राहिली नाही तेव्हा ते हाताने लिहिले गेले. काही दिवस मजकूर भिंतीवरील फलकावरही लावण्यात येई, म्हणजे आपण ज्याला भित्तिपत्रक म्हणतो तसे. परंतु एस. एस. पहारेकरी तपासणीस आले तर प्राणावर बेतेल, म्हणून ती पद्धत बंद करण्यात आली. मग शुक्रवारी रात्री सर्व मुले एकत्र जमत आणि ज्याने जे लिहिले ते वाचले जाई. लेखकाला आपला वाचक समोर दिसत असे, आणि वाचकही असे की कंटाळा आला तर भीडभाड न ठेवता सांगणारे.

अंकांत काय असे, हे पाहिले म्हणजे पुष्कळांची अपेक्षा चुकते. केवळ विलाप असेल असे वाटते, आणि विलापही आहेच. पण कथा, कविता, ग्रंथपरीक्षणे, विनोद, संवाद, चित्रे आणि एकमेकांची यथेच्छ थट्टाही आहे. आठवड्याभरात खोलीत कोणी काही वेडगळ बोलले असेल तर ते ‘आठवड्याचे अवतरण’ म्हणून छापले जाई. ‘आपल्यातलाच एक’ ह्या सदरात खोलीतील एकेका मुलाचा परिचय त्याच्या गुणदोषांसह करून दिला जाई. काही कविता कच्च्या आहेत, काही निबंध पुस्तकी आहेत. तेरा वर्षांच्या मुलाने तेरा वर्षांच्या मुलासारखे लिहावे ह्यात वावगे काय?

पेत्रचे स्वतःचे उत्तम लेखन ‘तेरेझीनमधील भटकंती’ ह्या सदरात आहे. हे सदर म्हणजे परिसर-अभ्यासच होय. तो गावातील एकेका ठिकाणी जाई, तेथे काम करणाऱ्यांना प्रश्न विचारी, आणि आल्यावर काय पाहिले ते लिहून काढी. भटारखाना, प्रसूतिगृह, अग्निशामक दल अशी ती ठिकाणे होती. त्यांतच एक स्मशानगृहही होते. आपल्या पाचवी-सहावीच्या मुलांना टपाल कचेरी किंवा सहकारी सोसायटी पाहावयास नेऊन नंतर वर्णन लिहावयास सांगतात, त्याच जातीचे हे काम. फरक इतकाच की त्याला कोणी नेले नव्हते आणि कोणी सांगितले नव्हते. प्रेते जाळण्याच्या भट्टीविषयी त्याने भटारखान्याइतक्याच बारकाईने लिहिले आहे. वाचणाऱ्याला जो धक्का बसतो तो ह्या बारकाईचाच.

ह्या मंडळींतील खरा कवी हानुश हाखेनबुर्ग. तो १९२९ साली जन्मला, आणि प्रागमधील अनाथाश्रमातून तेरेझीनला आला. त्याच्या कवितांची परिपक्वता वयाच्या फार पुढची आहे. भूत शोधण्याच्या विषयावर त्याने एक उपरोधिक बाहुलीनाट्यही लिहिले. १९४३ च्या डिसेंबरमध्ये त्याला आउश्वित्झच्या छावणीत पाठविण्यात आले, आणि तेथून तो परतला नाही. ‘वेदेम’ मात्र थांबले नाही. दर गाडीबरोबर काही लेखक जात, काही वेळा त्यांच्या जागी नवी मुले येत, आणि संपादक पुन्हा त्यांच्या मागे लागे.

आयसिंगर ह्यांचे ह्यात स्थान कोणते होते? त्यांचेही काही लेखन ‘वेदेम’मध्ये आहे. म्हणजे ते अलिप्त राहिले नाहीत. ते ह्या नियतकालिकाचे एक लेखक झाले. संपादनाची गादी मात्र त्यांनी घेतली नाही. लेख कोणता घ्यावा, कोणता पुढच्या आठवड्यावर ढकलावा, कोणाची थट्टा मर्यादेबाहेर गेली, हे पेत्रने ठरवावयाचे. जेथे सर्वच बाबतीत हुकूम वरून येत, तेथे चाळीस मुलांना निर्णयाची एक जागा ह्या शिक्षकाने मोकळी ठेवली. ती ठेवणे सोपे नव्हते. पकडले गेले असते तर पहिली शिक्षा त्यांनाच झाली असती.

१९४४ च्या शरद ऋतूत तेरेझीनमधून एकामागून एक गाड्या निघाल्या आणि खोली क्रमांक एक जवळजवळ रिकामी झाली. २८ सप्टेंबर १९४४ च्या गाडीत पेत्र होता. आउश्वित्झला पोहोचल्यावर त्याला ठार मारण्यात आले, वय सोळा. आयसिंगरही छावण्यांतून जिवंत परतले नाहीत. त्या खोलीतून गेलेल्या सुमारे शंभर मुलांपैकी पंधराच्या आसपासच जगली.

अंक वाचले ते एका मुलामुळे. झ्देनेक ताउसिग हा मुक्ततेच्या दिवसापर्यंत तेरेझीनमध्येच राहिला होता. त्याचे वडील जेथे काम करीत त्या लोहाराच्या कारखान्यात त्याने सुमारे ८०० पानांचा हा गठ्ठा लपवून ठेवला, आणि १९४५ च्या मे महिन्यात सुटका झाल्यावर बरोबर घेतला. पुढे तो यिर्झी ब्राडी ह्या त्याच खोलीतील दुसऱ्या मुलाच्या हाती आला. चेकोस्लोव्हाकियातील नंतरच्या साम्यवादी राजवटीत ‘वेदेम’ प्रसिद्ध करण्याचे प्रयत्न सफल झाले नाहीत. काही भाग चोरून पॅरिसला नेऊन तेथील चेक निर्वासितांच्या नियतकालिकात छापावा लागला. देशात टंकलिखित प्रती हातोहात फिरत राहिल्या. ती राजवट कोसळल्यावर, १९९५ मध्ये, निवडक भागाचे पुस्तक निघाले. ते सिद्ध करणाऱ्या तिघांपैकी कुर्त यिर्झी कोतोउच आणि झ्देनेक ओर्नेस्ट हे दोघे त्याच खोलीत राहिलेले होते.

पेत्रच्या एका चित्राची कथा भारतीय वाचकाला जवळची वाटेल. चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल ह्याचे एक चित्र त्याने काढले होते. इस्राएलचे पहिले अंतराळवीर इलान रामोन ह्यांनी त्याची प्रतिकृती ‘कोलंबिया’ यानातून बरोबर नेली. आपल्या कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला ह्याच यानात होत्या. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान भंगले आणि सातही अंतराळवीर मृत्यू पावले. तो दिवस पेत्रच्या जन्माचा पंचाहत्तरावा वाढदिवस ठरला असता. ह्या घटनेच्या बातम्यांतून पेत्रचे नाव प्रागमध्ये पुन्हा ऐकू आले, आणि तेथील एका घरात पडून राहिलेल्या त्याच्या जुन्या दैनंदिन्या उजेडात आल्या. त्याच्या बहिणीने त्या पुढे प्रसिद्ध केल्या.

‘एल ४१७’ ही शाळेची इमारत अजून उभी आहे. १९९१ पासून तेथे तेरेझीनच्या बंदिवासाचे संग्रहालय आहे. ‘वेदेम’ची मूळ पाने त्याच गावी तेरेझीन स्मारक संस्थेच्या संग्रहात जतन केलेली आहेत: आरंभीची टंकलेखित, नंतरची हाताने लिहिलेली.