टर्बो इंजिनाची ताकद किती वाढवावी?

आमच्या शाखेत एका वाहनकर्जाचे तीन हप्ते थकले, तेथून या लेखाची सुरुवात झाली. कर्जदार तरुण परिचयाचा. नगर-पाथर्डी रस्त्यावर प्रवासी वाहतूक करतो. तोपर्यंत त्याचा एकही हप्ता चुकला नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले की, घाटात गाडी कमी पडते म्हणून त्याने एका गॅरेजमध्ये इंजिनाच्या संगणकातील प्रोग्रॅम बदलून घेतला होता. आठ महिने गाडी वाऱ्यासारखी पळाली आणि मे महिन्याच्या भर उन्हात करंजी घाटात एका पिस्टनला भोक पडले. अपघात न होता झालेला यांत्रिक बिघाड सर्वसाधारण वाहनविम्यात बसत नाही, त्यामुळे तेथूनही काही मिळाले नाही. थकबाकीची नोटीस माझ्याच टेबलावरून गेली.

मी कला शाखेचा पदवीधर. इंजिनाशी माझा संबंध कर्जाच्या फाइलपुरता. परंतु आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरची चूल गाडीवर चालते, काहींची मुले आयटीआयला आहेत. म्हणून मेकॅनिक मंडळींना विचारून व वाचून जे समजले ते येथे मांडतो.

इंजिनाची ताकद म्हणजे शेवटी ठरावीक वेळात किती इंधन नीट जाळता येते, याचा हिशेब. इंधन जाळायला हवा लागते. साधे इंजिन स्वतः ओढून घेईल तेवढीच हवा घेते. टर्बोचार्जरमध्ये बाहेर जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरते व त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. इंजिन तेवढेच, परंतु हवा जास्त, म्हणून इंधन जास्त आणि ताकदही जास्त.

आपल्या जवळचे उदाहरण घ्या. नगरहून पुण्याला जाताना रांजणगावला फियाटचा कारखाना लागतो. १२४८ सीसीचे चार सिलिंडरचे मल्टिजेट डिझेल इंजिन तेथे बनत असे. मारुती तेच इंजिन परवान्याखाली हरियाणात बनवी. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत ते बसले. २०२० साली प्रदूषणाचे नवे निकष आले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, तरी रस्त्यावर ते अजून भरपूर दिसते. या इंजिनाची एक आवृत्ती ७५ अश्वशक्तीची व दुसरी ९० ची होती. येथे आमचे गॅरेजवाले म्हणतात, "बघा, कंपनीनेच पंधरा घोडे दाबून ठेवले होते!" ते खरे नाही. ९० च्या आवृत्तीला टर्बोच निराळा होता, ज्याची पाती वेगानुसार कोन बदलतात. महिंद्राच्या २१७९ सीसीच्या एमहॉक इंजिनाचेही तसेच. नाशिकला बनणाऱ्या स्कॉर्पिओत ते आधी १२० अश्वशक्तीचे होते, २०१७ मध्ये १४० चे झाले. पण ते कारखान्यात, सगळ्या चाचण्या करून.

आता सिलिंडरच्या आत काय घडते ते पाहू. मल्टिजेटच्या सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर, म्हणजे पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर. स्फोटाचा दाब १५० बार धरला तर पिस्टनवर सुमारे पावणेसहा टन भार येतो. उसाने भरलेल्या तीन-चार बैलगाड्या एका मुठीएवढ्या तुकड्यावर ठेवल्यासारखे झाले! चार हजार फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सेकंदाला ३३ वेळा घडते. दाब वीस टक्क्यांनी वाढविला की हाच भार सात टनांकडे जातो. तो कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि हेड गॅस्केट यांनी सोसायचा.

दाबापेक्षा वाईट शत्रू उष्णता. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तीनशे-साडेतीनशे अंशांपुढे त्याची ताकद झपाट्याने घटते, आणि डिझेल इंजिनातून बाहेर पडणारा वायू पूर्ण भारावर सातशे-आठशे अंशांपर्यंत जातो. पिस्टन वाचतो तो केवळ उष्णता लगेच काढून घेतली जाते म्हणून. अनेक इंजिनांत खालून त्याच्यावर तेलाचा फवारा असतो. प्रोग्रॅम बदलणारा इंधन वाढवतो, पण रेडिएटर, तेलाचा पंप व इंटरकूलर तेवढेच राहतात. काळा धूर निघू लागला की समजावे, इंधन हवेपेक्षा जास्त झाले आहे. पेट्रोल टर्बोमध्ये निराळा धोका असतो, तो नॉकिंगचा. इंधन वेळेआधी आपोआप भडकते व पिस्टनवर जणू हातोडे पडतात.

मग मर्यादा कोठे? तिला एक आकडा नाही. बीएमडब्ल्यूने रस्त्यावरच्या गाडीच्या चार सिलिंडरच्या ब्लॉकवरून दीड लिटरचे शर्यतीचे टर्बो इंजिन बनविले आणि १९८३ मध्ये नेल्सन पिके त्यावर जगज्जेता झाला. १९८६ च्या सुमारास पात्रता फेरीत ते तेराशे अश्वशक्तीच्या आसपास देत असल्याचे मानले जाते. पण ती ताकद काही फेऱ्यांपुरती. मुख्य शर्यतीत टर्बोचा दाब उतरवावा लागे, कारण तेथे शेवटपर्यंत टिकायचे असे. उलट मर्सिडीज-एएमजीने २०१९ साली दोन लिटरमधून ४२१ अश्वशक्ती काढून ती ग्राहकाला हमीसह विकली. त्यामागे त्या ताकदीसाठीच आखलेले पिस्टन, ब्लॉक आणि थंड करण्याची व्यवस्था आहे. मल्टिजेटची लिटरमागे साठ अश्वशक्ती यापुढे किरकोळ वाटेल. पण त्यामुळेच टॅक्सीवाले त्यावर दोन-तीन लाख किलोमीटर काढतात.

ताकद किती, याइतकेच ती किती वेळ वापरली, हे महत्त्वाचे आहे. एकटा माणूस ओव्हरटेक करताना पाच-दहा सेकंद पूर्ण ताकद घेतो. तेवढ्यात पिस्टन तापण्याआधीच पाय उचलला जातो. दहा प्रवासी आणि टपावर सामान घेऊन घाट चढणारी गाडी सलग कित्येक मिनिटे त्याच ताकदीवर असते. वाढीव प्रोग्रॅम पहिल्याला वर्षानुवर्षे चालेल, दुसऱ्याला एका उन्हाळ्यात बुडवेल. आपल्या नगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेच्या चाचणीमार्गांवर वाहने पुन्हापुन्हा फिरवून पाहतात, ते याचसाठी. आठ दिवस छान पळाली, ही चाचणी नव्हे.

घराच्या पूर्ण किमतीएवढे कर्ज आम्ही बँकवाले कधी देत नाही, मार्जिन ठेवतो. इंजिनियरही ठेवतो. भेसळीचे डिझेल, तुंबलेला एअर फिल्टर, उशिरा बदललेले ऑइल, चाळीस अंशांचे ऊन, या सगळ्यांसाठी ते असते. गॅरेजवाला जी ताकद 'मोकळी' करून देतो ती बहुधा हेच मार्जिन असते. ज्याला तरीही वाढवायचीच आहे, त्याने निदान क्लच, इंटरकूलर आणि एक्झॉस्टचे तापमान दाखविणारा काटा यांचा खर्च आधी धरावा. शिवाय कंपनीची हमी जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाहीत असा निकाल दिला.

फुकटात करता येण्याजोगी एक गोष्ट राहिली. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नये. मिनिट-दीड मिनिट इंजिन मंद चालू द्यावे. नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधले तेल जागीच करपते.

आमच्या त्या कर्जदाराने जुने इंजिन उघडून बांधले, मूळचा प्रोग्रॅम परत टाकला. बांधणीचा खर्च त्याच्या सात हप्त्यांएवढा आला. मुदत वाढवून घेण्याचा अर्ज मीच लिहून दिला. करंजी घाट तो आता दुसऱ्या गिअरवर चढतो.