सुक्यावर बसणारं जहाज

जून १९४४. दक्षिण इंग्लंडची बंदरं आणि नॉर्मंडीचा ओमाहा किनारा यांच्यात अमेरिकी नौदलाची टँकवाहू जहाजं येरझारा घालत आहेत. खलाशी त्यांना नुसतं ‘एलएसटी’ म्हणतात. लांबी ३२८ फूट, रुंदी ५० फूट, तळ सपाट, नाळेला दोन अजस्र दरवाजे. उधाणाच्या दिवसांत त्या किनाऱ्यावर भरती सकाळी अकराच्या आसपास पूर्ण होते. अशा एका दिवसाचा हा साधारण क्रम.

रात्री १२. पाळी बदलते. ताफा इंग्लिश खाडीच्या मध्यावर आहे, सगळे दिवे बंद. खाली इंजिनरूममध्ये प्रत्येकी ९०० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिनं धडधडताहेत. ताण ताण ताणली, तरी वेग १२ नॉटच्या आसपासच. टेहळणीवरच्या पोरांना अंधारात एकच गोष्ट हुडकायची असते : जर्मन टॉर्पेडो बोटी. २८ एप्रिलच्या पहाटे लाइम उपसागरात, आक्रमणाच्या सरावाला निघालेल्या एलएसटींच्या ताफ्यावर त्या तुटून पडल्या होत्या. दोन जहाजं बुडाली, सातशेहून जास्त माणसं गेली. त्याला अजून दोन महिनेही झालेले नाहीत.

पहाटे ४. पुन्हा पाळीबदल. सपाट तळाचं जहाज थोड्या लाटेनंही डोलतं. पायदळाच्या जवानांना समुद्र लागलाय, बादल्या पुरत नाहीत. टँक डेकवर खलाशी विजेऱ्या घेऊन साखळ्या तपासतात. एका शर्मन टँकचं वजन तीस टनांच्या वर. एक जरी सुटला तर आतल्या आत घात.

सकाळी ८. न्याहारी, आणि समोर फ्रान्स. शेकडो जहाजं नांगरलेली, वर विमानविरोधी फुगे तरंगताहेत. आता वाट पाहणं. या वेळात खरं काम चालतं ते पंपांवर. भर समुद्रात स्थिर राहावं म्हणून जहाजाच्या टाक्यांत मुद्दाम पाणी भरलेलं असतं. किनाऱ्याला लागायचं तर ते उपसून टाकायला हवं. उपसा झाला की नाळ इतकी उचलली जाते की पुढच्या टोकाला तीन-चार फूट पाणी पुरतं. मागची बाजू मात्र खोलच राहते. जॉन नीडरमायर या नौदलाच्या अभियंत्याने हे दुहेरी वागणं आराखड्यातच बसवलं होतं.

११. भरती पूर्ण. तरीही कॅप्टन हलत नाही. उधाणाच्या माथ्यावर जहाज टेकवलं आणि पुढची भरती त्याहून थोडी कमी चढली, तर ते पुढच्या उधाणापर्यंत रेतीतच बसणार. म्हणून पाणी उतरू लागेपर्यंत थांबायचं.

दुपारी १२.३०. तोफांवर माणसं तयार. जहाज सरळ किनाऱ्याच्या दिशेने निघतं. काही अंतर उरलं की मागचा नांगर सोडतात. त्याचा दोर सुटत जातो, जहाज पुढे जात राहतं. मग तळाला रेतीची घसट, एक हबका, आणि सगळं थांबतं. पोटातल्या टँकांची इंजिनं सुरू झालेली असतात. धुराने माणसं गुदमरू नयेत म्हणून मोठे पंखे घोंगावताहेत.

३. पाणी मागे सरलंय. कोकणात तळ खरवडायला गलबत ओहोटीला खाडीत टेकवतात, तसं हे अख्खं जहाज रेतीवर बसलेलं. सुरुवातीला नौदलातल्या जाणत्यांना हे पटत नव्हतं. उंचसखल रेतीवर एवढ्या लांब जहाजाची पाठ मोडेल, अशी भीती होती. म्हणून पहिल्या दिवसांत माल ‘ऱ्हायनो’ नावाच्या तराफ्यांवर उतरवत, आणि त्यात वेळ जाई. पाठ मोडली नाही. आता दरवाजे उघडतात, रॅम्प पडतो आणि टँक पट्टेही न भिजवता फ्रान्समध्ये उतरतात. मागोमाग वरच्या डेकवरचे ट्रक. मोकळे झालेले खलाशी जहाजाखालून चक्कर मारून पाण्यातले पंखे आणि सुकाणू शाबूत आहेत का, ते पाहतात.

५. टँक डेक रिकामा. तेलाचे ओघळ धुऊन काढायचे, कारण आता इथेच इस्पितळ होणार. दोन्ही भिंतींना स्ट्रेचर अडकवण्याची सोय आधीच केलेली आहे. अँब्युलन्स त्याच रॅम्पवरून वर येतात. नौदलाचे डॉक्टर जखमींची वर्गवारी करतात. ज्यांना इंग्लंड गाठेपर्यंत थांबता येणार नाही, त्यांच्यावर जहाजातच शस्त्रक्रिया. नॉर्मंडीहून असे ४१ हजारांवर जखमी एलएसटींनी इंग्लंडला पोचवले. कधी त्याच फेरीत जर्मन युद्धकैदीही असतात.

रात्री ८.३०. पाणी परत येतंय. रॅम्प वर, दरवाजे बंद. फटीत रेती अडकली नाही ना, हे हाताने चाचपून पाहायचं. पाणी शिरलं तर स्ट्रेचरवरच्यांना उठून पळता येणार नाही.

१०. सूर्य आत्ताशी मावळलाय. मागून जहाज हलकं होऊ लागतं. इंजिनं उलटी फिरतात, विंच मागच्या नांगराचा दोर गुंडाळू लागतो आणि जहाज स्वतःलाच ओढून काढतं. अंधार पडला की जर्मन विमानं येतात. बॉम्ब टाकतात, उथळ पाण्यात सुरुंग पेरून जातात. त्यामुळे निघायला उशीर केलेला चालत नाही.

११.३०. ताफा जुळतो, नाळ इंग्लंडकडे. तिथे पुढच्या फेरीचा माल धक्क्यावर उभाच असतो. एलएसटी-३२५ या एका जहाजाने जून १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात अशा चाळीसहून जास्त फेऱ्या केल्या. ते आजही चालू अवस्थेत आहे, अमेरिकेत एव्हान्सव्हिल इथे.

नॉर्मंडीतलं शेर्बूरचं बंदर जूनअखेर हाती आलं, पण जर्मनांनी ते उद्ध्वस्त करून सोडलं होतं. सैन्याची रसद त्यामुळे बरेच आठवडे उघड्या रेतीवरच उतरत राहिली. नॉर्मंडीची चढाई आधी मेमध्ये ठरली होती. ती जूनवर गेली, त्यामागे उतरणजहाजांचं आणखी महिन्याभराचं उत्पादन हाती यावं हा हिशेब होता. दक्षिण फ्रान्सची मोहीम तर जहाजांच्या टंचाईपायी १५ ऑगस्टपर्यंत लांबली. सेनापतींच्या नकाशावरच्या तारखा या जहाजांच्या संख्येवर ठरत होत्या, आणि जहाजांच्या वेळा भरती-ओहोटीच्या कोष्टकावर.