इंदूरचे कंपोस्ट आणि लहान चहा-उत्पादकांची उपजीविका

प्रास्ताविक

हातोद हा इंदूर जिल्ह्यातील तालुका. माळव्याच्या काळ्या जमिनीत येथे सोयाबीन, गहू, हरभरा, बटाटा, लसूण ही पिके होतात. चहा होत नाही. चहाला पाण्याचा उत्तम निचरा होणारी आम्लधर्मी जमीन लागते. काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि ती आम्लधर्मीही नसते. असे असले तरी इंदूरचा चहाच्या मळ्यांशी जुना संबंध आहे. तो समजून घेतल्यास आजच्या लहान चहा-उत्पादकांचा प्रश्न आणि हातोदच्या अल्पभूधारकाचा प्रश्न किती जवळचे आहेत, हे विद्यार्थ्यांना दाखविता येते.

इंदूर पद्धत

सर अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ या संस्थेचे संचालक होते. तेथे त्यांनी व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची पद्धत बसविली. दोघांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ही रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

पद्धत साधी आहे. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल खड्ड्यात पिकांचे अवशेष, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देतात. ओलावा राखतात, पण हवा कोंडू देत नाहीत. सुमारे तीन महिन्यांत तीन वेळा खालीवर केले की खत तयार होते. १९३० च्या दशकात आसाम, दुआर्स व श्रीलंका येथील काही चहामळ्यांनी ही पद्धत स्वीकारली. दुआर्समधील गांद्रापाडा मळ्याचे उदाहरण हॉवर्ड यांनी १९४० च्या आपल्या ग्रंथात दिले आहे.

लहान उत्पादकाची अडचण

तो काळ मोठ्या मळ्यांचा होता. आज भारतातील निम्म्याहून अधिक चहा लहान उत्पादकांच्या पानापासून तयार होतो. चहा मंडळाच्या व्याख्येनुसार १०.१२ हेक्टरपर्यंत लागवड असणारा तो लहान उत्पादक. प्रत्यक्षात अनेकांकडे एक-दोन एकरच असतात. त्याच्याजवळ कारखाना नसतो. खुडलेले पान त्याच दिवशी कारखान्यात पोहोचावे लागते, नाहीतर त्याची प्रत उतरते. त्यामुळे माल राखून ठेवून चांगल्या भावाची वाट पाहणे त्याला शक्य नसते. एक किलो तयार चहाला सुमारे ४ ते ५ किलो ओले पान लागते, पण त्या पानाचा भाव बहुधा कारखानदार किंवा दलाल ठरवितो.

दुसरी अडचण हंगामाची आहे. आसाम व उत्तर बंगालात हिवाळ्यात झाडाची वाढ थांबते. २०२४ मध्ये तर चहा मंडळाने तेथील खुडणी ३० नोव्हेंबरलाच थांबविण्याचा आदेश दिला. त्यानंतर वसंतातील पहिली पालवी येईपर्यंत पानाचे उत्पन्न नाही. घरखर्च आणि मुलांची फी मात्र थांबत नाही.

दोन उपाय, एक सूत्र

भाव उत्पादकाच्या हाती नाही, पण खर्च काही प्रमाणात आहे. कंपोस्टमुळे विकतच्या खतावरील खर्च कमी होतो आणि जमिनीचा कस टिकतो. मात्र रासायनिक खत एकदम बंद केल्यास उत्पादन घटते, म्हणून बदल टप्प्याटप्प्याने करणे इष्ट. शिवाय कंपोस्टला शेण हवे, म्हणजे जनावर हवे.

येथेच खत आणि उपजीविका यांची सांगड बसते. गाय दूध देते आणि खड्ड्याला शेणही पुरविते. सावलीच्या झाडांवर मिऱ्याचे वेल चढविता येतात. बांधावर सुपारी, मोकळ्या तुकड्यात आले-हळद, तळ्यात मासे, असे जोडधंदे चहाच्या रिकाम्या महिन्यांत आधार देतात. निवड करताना एकच कसोटी लावावी: जोडधंद्याची मजुरी खुडणीच्या ऐन भरात येऊ नये आणि त्याचा पैसा चहा नसलेल्या महिन्यांत यावा. बचत गटाने एकत्र येऊन पान विकल्यास भावाबाबत बोलण्याचे बळही वाढते.

अध्यापनासाठी

हातोदचा सोयाबीन-उत्पादकही खरिपात बहुतांशी एका पिकावर आणि एका पावसावर विसंबून असतो. सामुदायिक महाविद्यालयातील शिक्षकांना दोन उपक्रम घेता येतील. पहिला, विद्यार्थ्यांनी आपल्या कुटुंबाचा बारा महिन्यांचा जमाखर्च मांडून रिकामे महिने शोधणे. दुसरा, महाविद्यालयाच्या आवारात लहान खड्डा करून सोयाबीनच्या भुसकटाचे कंपोस्ट तयार करणे आणि तारखांसह नोंद ठेवणे. खड्डा फार लहान केल्यास आवश्यक उष्णता धरत नाही, हे ध्यानात ठेवावे.

निष्कर्ष

लहान शेतकऱ्याला केवळ अधिक उत्पादन तारू शकत नाही. खताची गरज शक्य तितकी घरच्या घरी भागणे आणि वर्षातील एकही महिना पूर्ण कोरडा न जाणे, हेच त्याच्या स्थैर्याचे खरे माप आहे.