गंजलेले आरे

बैलगाडीच्या चाकातील लाकडी आरे धावेला आतून टेका देतात. मोटारसायकलच्या चाकातील तारेचे आरे, म्हणजेच स्पोक, याच्या उलट काम करतात. ते रिमला सर्व बाजूंनी मध्याकडे ओढून धरतात. ही ओढ सारखी असेल तरच चाक सरळ फिरते.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर या भागांतील पुष्कळ विहिरींचे पाणी खारट असते. लोखंड, पाणी व प्राणवायू यांच्या संयोगाने गंज निर्माण होतो आणि मिठामुळे ही क्रिया अधिक वेगाने घडते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणून आऱ्याच्या टोकावरील लहान चाकी, जिला निपल म्हणतात, आट्यांत घट्ट आवळून बसते.

असे आरे काढताना घाई उपयोगाची नाही. प्रथम टायर व ट्यूब काढावी आणि आऱ्यांची गुंफण कागदावर रेखाटून ठेवावी. निपलांवर पातळ तेल सोडून ते रात्रभर मुरू द्यावे. नंतर चाकाभोवती फिरत प्रत्येक निपल अर्धा अर्धा फेरा सैल करावी. एकाच बाजूचे आरे सैल केल्यास रिम वाकडी होते. जो आरा मुळीच हलत नाही, तो इतर आऱ्यांची ओढ उतरल्यावरच मोठ्या माणसाने, डोळ्यांवर चष्मा लावून, कापावा. कारण ताणलेली तार तुटताच उसळते व डोळ्यास इजा होऊ शकते.

मुलांनो, गाडी धुतल्यावर आरे कोरड्या फडक्याने पुसून ठेवले, तर एवढे कष्ट सहसा पडत नाहीत.