पाऊस लहरी, शिवार हुशार!

बालाघाटच्या माथ्यावर पडलेल्या पावसाची धाराशिव जिल्ह्यात चोख वाटणी होते. तेरणेच्या अंगाचं पाणी मांजरेतून गोदावरीला जातं, बोरी आणि बेन्नीतुरेचं भीमेतून कृष्णेला. उमरगा तालुक्यातलं मुरुम या कृष्णेच्या वाट्यातलं. बेन्नीतुरा पुढे कर्नाटकात उतरते, कागिणेला मिळते आणि मग भीमेला. वाटणी ठरलेली, पण पाऊस कधी आणि किती येईल याचा नेम उरलेला नाही.

किती नेम नाही? एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. नाव होतं ‘जलदूत’, पहिल्या खेपेला १० वाघिणी. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच धाराशिव जिल्ह्यात, परंड्याकडे, पुरात अडकलेली माणसं हेलिकॉप्टरनं उचलावी लागली. दहा वर्षांच्या आत दोन्ही टोकं!

पाणी अडवण्याची कला मात्र इथं जुनी. मुरुमहून फार लांब नाही ते नळदुर्ग. तिथं दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं १६१३ च्या सुमारास बोरी नदीवर बंधारा घातला आणि बंधाऱ्याच्या पोटातच ‘पाणी महाल’ बांधला. पावसाळ्यात बाहेर नर-मादी धबधबे कोसळत असतात, आत माणूस कोरडा उभा राहतो. चारशे वर्षं झाली, बांध जागचा हललेला नाही.

आता सगळ्यात भारी गोष्ट. इथल्या हवामानाशी झुंजण्याची मुळं चक्क भूकंपात आहेत. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीची जमीन हादरली, औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावं भुईसपाट झाली. घरं पुन्हा उभारताना हजारावर गावांत बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं गेलं. सिमेंट किती लागतं, कोपऱ्याला लोखंड कसं घालायचं, पैसे कुठं अडकलेत, हे सगळं त्या गावाला समजावून सांगू लागल्या. प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था याच कामातून रुजली. घरं उभी राहिली, बायका मात्र पुन्हा उंबऱ्याआड गेल्या नाहीत. बचत गट, आरोग्य, मग शेती!

त्या शेतीचं नाव ‘एक एकर’. बाईनं घरच्यांकडून आपल्यापुरता एकरभर तुकडा मागून घ्यायचा. त्यात नगदी पीक नाही. ज्वारी, बाजरी, तूर, मूग, कडेनं भाज्या. खत घरच्या शेणाचं किंवा गांडुळांचं, बियाणं जमेल तेवढं घरचं, पाणी ठिबकनं. एक पीक बुडालं तरी दुसरं ताटात येतं. नवरा सोयाबीनचा भाव बघत बसला असेल, तर या तुकड्यातली मेथी तोवर बाजारात पोचलेली असते. या कामाला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला.

ज्वारीचं तर कौतुक करावं तेवढं थोडं. रब्बीची ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते. ताण पडला की पानं गुंडाळून घेते, पानांवरचा मेणचट थर ओल धरून ठेवतो. वर कडबा मिळतो. सोयाबीन वाढलं आणि गोठ्यातली वैरण आटली, हे विसरून चालणार नाही.

सोयाबीन घ्यायचंच, तर बीबीएफवर घ्या, म्हणजे रुंद वरंबा आणि दोन्ही बाजूंना सरी. पावसानं ओढ दिली तर सरीतली ओल मुळांना पुरते; धो धो कोसळला तर त्याच सरीतून पाणी निघून जातं आणि वाफसा लवकर येतो.

सरकारही नुसतं बघत बसलेलं नाही. २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘पोकरा’त, धाराशिव जिल्हा आहे. आयआयटी मुंबईच्या मदतीनं गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा: पडलं किती, वाहून गेलं किती, पिकानं प्यायलं किती. निर्णय गावाच्या समितीत. पण पैशाचं काय? डोंगराळ नेपाळनं २०११ मध्ये ठरवलं होतं की हवामानासाठीच्या निधीतला किमान ८० टक्के पैसा खाली, गावपातळीवर पोचला पाहिजे. आपल्याकडेही असा आकडा लिहून ठेवायला हवा.

आणि एक गाठ अजून सुटायची आहे. एकरभर रान कसणाऱ्या कितीतरी जणींचं नाव सातबाऱ्यावर नाही. पीककर्ज असो, विमा असो की अतिवृष्टीची भरपाई, आधी विचारतात सातबारा कुणाच्या नावावर आहे. तलाठ्याकडे एक अर्ज करून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. मुरुमच्या शिवारात हा अर्ज या खरिपाच्या आधीच व्हायला हवा.