जर्सी म्हणजे नक्की काय? कापड की कपडा? ऑर्डर घेण्याआधी हे वाचा



टी-शर्ट प्रिंटिंग किंवा स्पोर्ट्सवेअरचा व्यवसाय सुरू करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "मशीन कोणती घेऊ?" मशीनचं नंतर बघू. आधी या धंद्यातला एक शब्द नीट समजून घेऊ, कारण हा शब्द तुमचा ग्राहक एका अर्थाने वापरतो आणि कापडाचा व्यापारी दुसऱ्याच अर्थाने. तो शब्द म्हणजे जर्सी.

समजा, तालुक्यातल्या एका कबड्डी संघाने तुम्हाला ४० जर्सींची ऑर्डर दिली. तुम्ही व्यापाऱ्याला फोन लावला, "पांढरं जर्सी पाठवा, ९ किलो." त्याने कॉटन सिंगल जर्सी पाठवलं. तुम्ही ते सब्लिमेशन प्रिंटला दिलं. प्रिंट फिकी आली आणि दोन धुण्यांत नाव-नंबर पुसट झाले. व्यापारी म्हणतो, "तुम्ही जर्सी मागितलं, मी जर्सी दिलं." आणि तो बरोबर आहे! पण ४० नगांचा खर्च कोणाच्या खिशातून गेला? तुमच्या.

हा शब्द आला कुठून?

इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रात जर्सी नावाचं छोटं बेट आहे. आपल्याकडची जर्सी गाय मूळची तिथलीच. तिथले लोक लोकरीचे मोजे आणि स्वेटर विणून विकायचे. हा धंदा इतका वाढला की शेतीला माणसं मिळेनात, आणि कोणी कधी विणायचं यावर कायदे करावे लागले. तिथल्या विणकामावरून आधी लोकरीच्या विणलेल्या अंगरख्याला आणि मग तशा विणीच्या कापडालाही जर्सी म्हणू लागले.

पुढे दोन वाटा झाल्या. १९१६ च्या सुमारास कोको शनेल या फ्रेंच डिझायनरने जर्सी कापडाचे बायकांचे कपडे आणले. तोपर्यंत हे कापड मुख्यतः पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरलं जायचं. इकडे खेळाडू विणलेले अंगरखे घालून मैदानात उतरत होते. १९१९ मध्ये टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत आघाडीवर असलेल्या खेळाडूला पिवळी जर्सी देणं सुरू झालं. कापड बदलत गेलं, लोकर जाऊन पॉलिस्टर आलं, पण खेळाडूच्या अंगावरच्या कपड्याचं नाव जर्सीच राहिलं.

व्यापाऱ्याची जर्सी

इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागावर उभे-आडवे धागे एकमेकांत गुंतवून कापड होतं. जर्सी तसं नाही. ते गोल निटिंग मशीनवर, धाग्याचे फास एकमेकांत अडकवून तयार होतं, म्हणूनच ताणलं जातं. बाजारात अशा कापडाला होजिअरी म्हणतात. तिरुपूर आणि लुधियाना ही त्याची मोठी केंद्रं. त्यातली सगळ्यात साधी वीण म्हणजे सिंगल जर्सी. ओळख सोपी आहे:

- सुलट बाजूला बारीक 'व्ही' आकाराच्या उभ्या रांगा दिसतात.
- उलट बाजूला आडवे अर्धगोल फास दिसतात.
- कापलेली कड गुंडाळली जाते. नवीन कटिंग मास्टरला हे आधी सांगा.

लक्षात घ्या, जर्सी हे विणीचं नाव आहे, धाग्याचं नाही. ते कॉटनचं असेल, पॉलिस्टरचं असेल किंवा मिक्स असेल.

ग्राहकाची जर्सी

संघाचा कॅप्टन जर्सी म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर नाव, नंबर आणि स्पॉन्सरचा लोगो असलेला टी-शर्ट असतो. घाम लवकर वाळावा आणि रंग पक्का राहावा एवढंच त्याला हवं असतं. त्यासाठी साधारणपणे पॉलिस्टरचं डॉट निट किंवा तसंच दुसरं स्पोर्ट्स कापड लागतं.

सब्लिमेशनमध्ये साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णतेला शाईची वाफ होते आणि ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. कॉटनमध्ये ती धरत नाही. म्हणून सब्लिमेशन करायचं तर पॉलिस्टर, आणि तेही पांढरं किंवा फिकं. शंका असेल तर एक धागा चिमट्यात धरून सांभाळून जाळून बघा. कॉटन कागदासारखं जळतं आणि राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

बिलावरची जर्सी

अजून एक जर्सी आहे. पोलिसांच्या आणि एनसीसीच्या गणवेशातल्या लोकरी स्वेटरलाही जर्सी म्हणतात. एचएसएन यादीत ६११० या कोडवर 'जर्सी' लिहिलेलं दिसेल, पण त्याच ओळीत पुलओव्हर आणि कार्डिगनही आहेत. म्हणजे ती स्वेटरच्या जातीतली जर्सी. निटेड टी-शर्टचा कोड ६१०९, आणि निटेड कापडाचं प्रकरण ६०. त्यामुळे नुसता शब्द जुळला म्हणून कोड टाकू नका. एक नग सीएला दाखवा आणि मगच बिल करा.

किलोचा हिशोब

होजिअरी कापड किलोवर मिळतं. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये. १६० जीएसएमचं एक किलो म्हणजे १००० भागिले १६०, सव्वासहा चौरस मीटर. कटिंगची घट धरून एका मोठ्या हाफ टी-शर्टला सव्वा चौरस मीटर लागलं, तर किलोत ५ नग. ४० नगांना ८ किलो, वर एक किलो राखीव. तेच कापड २०० जीएसएमचं आलं तर किलोत ४ नगच निघतील, आणि ४० नगांना लागतील १० किलो. भाव तोच असला तरी नगामागे तुमचा कापडखर्च २५ टक्क्यांनी वाढला!

मग मेसेज कसा लिहायचा?

व्यापाऱ्याला: "१०० टक्के पॉलिस्टर, डॉट निट, पांढरं, १६० जीएसएम, ९ किलो. सब्लिमेशनसाठी हवं. आधी अर्धा मीटर नमुना पाठवा."

ग्राहकाला: "४० नग, पॉलिस्टर, गोल गळा, हाफ बाही, पुढे लोगो, मागे नाव-नंबर. साईजची यादी सोबत. एक नमुना नग पास केल्यावर बाकीचे शिवू."

दोन्ही मेसेजमध्ये जर्सी हा शब्द एकदाही आलेला नाही, आणि तरी दोघांनाही नेमकं काय हवं ते कळतंय. बोलताना जर्सी खुशाल म्हणा. पण ऑर्डर लिहून द्यायची वेळ आली की धागा, वीण, जीएसएम आणि वापर या चारही गोष्टी लिहा. नमुना हातात आला की आधी त्यावर एक प्रिंट काढा, धुवून बघा, मगच पूर्ण माल उचला. अर्ध्या मीटरचा खर्च परवडतो, ९ किलोचा नाही.

तुमच्या धंद्यात असा कोणता शब्द आहे, जो ग्राहक एका अर्थाने वापरतो आणि सप्लायर दुसऱ्या? कमेंटमध्ये नक्की लिहा, त्यावरही बोलू. भेटूया पुढच्या व्हिडिओत!